गहन विषय, सखोल अभ्यास

प्रस्तावना, शोधनिबंध आणि पुस्तक-परिचय तपासताना ‘गहन अभ्यास’, ‘गहन चर्चा’, ‘गहन संशोधन’ हे प्रयोग इतक्या वेळा खोडावे लागतात की, त्यामागची कारणे एकदा नीट मांडणे आवश्यक वाटते. ‘सखोल’ बहुतेकांना ठाऊक आहे: वरवर न पाहता तळाशी जाऊन केलेले ते सखोल. घोळ होतो तो ‘गहन’ या शब्दाचा.

‘गहन’ हे ‘सखोल’चे भारदस्त रूप आहे, असा समज पक्का झालेला दिसतो. मुळात संस्कृतात या शब्दाचा अर्थ दाट, सहजी आत शिरू न देणारा असा आहे, आणि म्हणूनच तो अरण्यालाही लावला जातो. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातील १७व्या श्लोकात ‘गहना कर्मणो गतिः’ असे म्हटले आहे, तेथे कर्माची गती उमगण्यास कठीण आहे, एवढेच अभिप्रेत आहे. गहनता विषयाच्या अंगी असते, तर सखोलता त्या विषयाला भिडणाऱ्याच्या कामात दिसते. काळ म्हणजे काय, हा प्रश्न गहन आहे आणि त्यावर अगदी उथळ पुस्तकही लिहिता येते. उलट मराठीतील ‘च’ या अव्ययात गहन असे काही नाही, तरी त्याच्या वापराचा सखोल अभ्यास खुशाल करता येतो. एखाद्याच्या अभ्यासाला गहन म्हटले, तर तो अभ्यासच दुर्बोध आहे असा अर्थ निघतो, आणि लिहिणाऱ्याला तर त्याची स्तुती करायची असते.

शंका आल्यास क्रियापद जोडून पाहावे. ‘हा मुद्दा सखोल अभ्यासा’ हे वाक्य चालते. ‘गहन अभ्यासा’ कानाला तत्काळ खटकते. ‘गहन’ शोभतो तो प्रश्न, तत्त्व, अर्थ, रहस्य अशा नामांशेजारी. ‘तो गहन विचारात पडला’ हे वाक्य मात्र मी खोडत नाही, कारण तेथे विचारच दाट असतो आणि माणूस त्यात अडकलेला असतो.

या गोंधळाला हिंदीचा शेजार बराच कारणीभूत आहे. हिंदीत ‘गहन’ला ‘कसून केलेले’ असाही अर्थ आहे. २०२५ मध्ये बिहारमधील मतदार याद्यांच्या तपासणीला हिंदीत ‘विशेष गहन पुनरीक्षण’ म्हटले गेले, ते त्या भाषेत बिनचूकच आहे. मराठीत तेथे ‘सखोल’ हवे. हिंदीतील ‘गहन चिकित्सा’ जेथे चालते, तो रुग्णालयातील कक्ष मराठीत ‘अतिदक्षता विभाग’ आहे, आणि हा शब्द मला फार आवडतो.

‘सखल’ म्हणजे उंचीने कमी असलेली जमीन. त्याचा ‘सखोल’शी गोंधळ करू नये. माणसाला तर गहन किंवा सखोल यांपैकी काहीच म्हणू नये. सतत अभ्यासात असलेल्यासाठी ‘व्यासंगी’ आणि समज पक्व झालेल्यासाठी ‘प्रगल्भ’ हे शब्द मराठीत आहेत.