फिलिपिनो अद्भुतकथा

फिलिपीन्सच्या लोकसमजुती, वसाहतीचा इतिहास आणि आजचे जगणे यांच्या मातीत रुजलेले नवे कल्पित साहित्य. विज्ञानकथा, भयकथा, मिथककथा असे सगळेच त्यात येते. तेथे त्याला सरसकट ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ म्हणतात. लेखन मुख्यतः इंग्रजीत आणि फिलिपिनो भाषेत होते.

अद्भुताची आवड तेथे जुनीच आहे. ‘दारना’ ही उडणारी नायिका १९५० साली कॉमिकमध्ये अवतरली. चळवळ म्हणून मात्र हे लेखन नावारूपाला आले ते २००५ च्या सुमारास. लेखक डीन फ्रान्सिस अल्फार यांनी त्या वर्षी नव्या कथांची संग्रहमाला सुरू केली. ‘ट्रेसे’ ही चित्रकथाही त्याच वर्षीची. आजच्या मनिलात भुताखेतांचे गुन्हे निस्तरणारी तिची नायिका २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर पोहोचली.

या कथांतली भुते शेजाऱ्यांसारखी राहतात. वडाच्या कुळातल्या बालेते झाडावर काप्रे नावाचा राक्षस विडी फुंकत बसलेला असतो. वारुळात म्हातारा नुनो असतो, म्हणून तेथून जाताना ‘ताबी-ताबी पो’, म्हणजे ‘जरा बाजूला व्हा हं’, असे अदबीने म्हणायचे. सर्वांत भयंकर मानानांगाल. ‘तांगाल’ म्हणजे सुटे करणे. रात्री ती कमरेपासून सुटी होते आणि वरचे धड वटवाघळाच्या पंखांनी गर्भवतीच्या घराकडे उडते. खालचे धड कुठेतरी उभेच राहते. त्यावर कोणी मीठ किंवा राख टाकली, तर ती परत जोडली जात नाही आणि उजाडताच मरते.

ही भीती राजकारणातही वापरली गेली. १९५० च्या दशकात ‘हुक’ या कम्युनिस्ट शेतकरी बंडखोरांना पळवण्यासाठी एका बंडखोराच्या मानेला दोन भोके पाडून, रक्त काढून, रक्तपिपासू भुताने मारले असे भासावे म्हणून प्रेत वाटेवर टाकले, असे अमेरिकी अधिकारी एडवर्ड लान्सडेल यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कल्पित कथेला इतकी तयार सामग्री क्वचितच मिळते.

मात्र युरोपीय रक्तपिपासूला मानानांगालचे नाव दिल्याने कथा फिलिपिनो होत नाही. ‘पो’ या आदरार्थी शब्दामागचा संकोच, पोटासाठी परदेशी गेलेली आई, स्पॅनिश चर्च आणि त्याआधीचे देव हे सगळे एकाच घरात नांदताना दिसावे लागते. परदेशी राबणाऱ्या बाईचे अर्धे अंग गावीच राहते, हे सांगायला मानानांगालइतकी चपखल प्रतिमा दुसरी नाही.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. वनदेवतेला तेथे ‘दिवाता’ म्हणतात. शब्द संस्कृत ‘देवता’वरून आलेला. मिंदानाओ बेटावरच्या मारानाओ लोकांच्या ‘महारादिया लावाना’ कथेतला लावाना म्हणजे रावण. बिसाया भागात चंद्र गिळतो तो बाकुनावा हा महासर्प. त्याने चंद्र ओकावा म्हणून लोक भांडी बडवतात. आपल्याकडे ग्रहणात ‘दे दान, सुटे गिराण’ ओरडत फिरतात, तसेच.