प्राथमिक मूल्यांकन (बाल न्याय)

घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या 16 ते 18 वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळ जी चौकशी करते तिला प्राथमिक मूल्यांकन म्हणतात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 15 मध्ये तिची तरतूद आहे. हा खटला नव्हे. गुन्हा त्या मुलानेच केला का, हा प्रश्न इथे येत नाही.

घृणास्पद म्हणजे किमान सात वर्षे कैदेचा गुन्हा. कमाल शिक्षा कितीही मोठी असो, किमान ठरलेली नसेल तर हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिल्लीतील एका वाहन-अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले.

मंडळाला चार गोष्टी पाहायच्या असतात: गुन्हा करण्याची मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती. मुदत पहिल्या हजेरीपासून तीन महिने. परिविक्षा अधिकाऱ्याचा (मुलाच्या घरची आणि सामाजिक परिस्थिती तपासणारा अधिकारी) सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा लागतो, आणि परिस्थितीबद्दल सर्वाधिक माहिती त्यातच असते.

खरी अडचण मेंदूच्या वाढीत आहे. बक्षीस, थरार आणि सवंगड्यांची वाहवा यांना दाद देणारे मेंदूचे भाग वयात येतानाच तीव्र होतात. आवेग आवरणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. शांत खोलीत, वेळ देऊन विचारले तर सोळा वर्षांचा मुलगा जवळजवळ प्रौढासारखे तर्क करतो. तोच मुलगा रात्री, चार मित्र चिथावत असताना, तसा तर्क करेलच असे नाही. गाडी चालवण्याच्या खेळावरील प्रयोगांत मित्र पाहत आहेत एवढ्यानेही किशोरांनी जास्त धोके पत्करले. प्रौढांत तो फरक दिसला नाही.

मूल्यांकन नेमके इथेच फसते. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहातून मुलाला रुग्णालयात नेतात, बिने-कामत चाचणी होते (ही मुळात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली), बुद्ध्यंक निघतो आणि ‘परिणामांची समज आहे’ असा शेरा पडतो. बुद्ध्यंक आवेगाबद्दल काहीच सांगत नाही. ‘चाकू मारला तर काय होतं?’ याला ‘माणूस मरतो’ असे उत्तर आठ वर्षांचे मूलही देईल. समजेत पुढचेही येते: मृताच्या घरच्यांचे काय होईल, आपले आणि आपल्या घरच्यांचे काय होईल. गुरुग्राममधील शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हेच बजावले. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी घेतलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक ठरवले. एमआरआय हा काही तोडगा नाही. त्यातले निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात, एका मुलाची पक्वता त्यावरून ठरत नाही.

मंडळाच्या आदेशावर 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. प्रकरण प्रौढासारख्या खटल्यासाठी बाल न्यायालयात गेले तरी तशा खटल्याची गरज आहे का, हे तेही कलम 19 नुसार पुन्हा तपासते. दोषी ठरल्यास वयाच्या 21 वर्षांपर्यंत मुलाला तुरुंगात नव्हे, तर ‘सुरक्षित स्थळ’ म्हणवल्या जाणाऱ्या वेगळ्या संस्थेत ठेवतात. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.