टँक (इंग्रजी शब्द)

टँक : द्रवपदार्थ साठविण्याचे मोठे पात्र, हौद, कृत्रिम तलाव आणि चिलखती रणगाडा या अर्थांनी रूढ असलेले इंग्रजी नाम. इंग्रजी लेखनात तो साधारणपणे सतराव्या शतकाच्या आरंभी, भारतात आलेल्या व्यापाऱ्यांच्या व प्रवाशांच्या वृत्तान्तांतून दिसू लागतो. आरंभीचा अर्थ पाणी साठविण्याचे बांधीव तळे असा असून घरातील किंवा जहाजावरील पात्र हा अर्थ त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावला असावा. शब्दाच्या मुळाविषयी मात्र एकमत नाही. गुजराती टांकुं व मराठी टाके (जुने लेखन टांकें) हे एक संभाव्य मूळ आणि पोर्तुगीज ‘तांके’ हे दुसरे.

या वादाची मांडणी हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या, भारतातील इंग्रजांच्या बोलीत रुळलेल्या शब्दांच्या कोशात (१८८६) केली आणि पुढची चर्चा बहुतांशी त्याच चौकटीत झाली. देशी मुळाच्या बाजूने त्यांनी बरीच साक्ष गोळा केली. रॉबर्ट ड्रमंड यांनी १८०८ च्या सुमारास नोंदविलेला टाक्याचा अर्थ असा : दगड, वीट किंवा चुन्याने बांधलेला, बहुधा घराच्या आतच असलेला, वरून जवळजवळ पूर्ण झाकलेला आणि भांडे सोडण्यापुरते तोंड ठेवलेला जलसाठा. एच. एच. विल्सन यांच्या महसुली शब्दसंग्रहात (१८५५) मराठी व गुजराती अशी दोन्ही रूपे येतात. कर्नल जेम्स टॉड यांनी बिकानेर व मारवाड भागात पावसाचे पाणी साठविणाऱ्या ‘टांक्यां’चे वर्णन केले आहे. किनाऱ्यापासून इतक्या आत, वाळवंटी मुलखात हा शब्द घरगुती वापरात असणे लक्षणीय आहे. तो पोर्तुगिजांकडून आला म्हणावे, तर तेथवर पोहोचला कसा हे सांगता आले पाहिजे.

पोर्तुगीज पक्षही दुबळा नाही. ‘तांके’ हा शब्द वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या वृत्तान्तात, १४९८ मधील कालिकतच्या वर्णनात, देवळाजवळच्या घडीव दगडी तळ्यासाठी आला आहे. किनाऱ्यावर नुकत्याच उतरलेल्या खलाशांनी तो गुजराती वा मराठीतून घेतला असणे कठीण, कारण त्या भाषांचा प्रदेश बराच उत्तरेस आहे. यूल व बर्नेल यांनी पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘स्टाग्नुम’ (साचलेले पाणी) याच्याशी जोडला. नंतरच्या अभ्यासकांचा कल पाणी अडविणे या अर्थाच्या ‘एस्तांकार’ या क्रियापदाकडे आहे. स्पॅनिशमधील तळ्याचा वाचक ‘एस्तांके’ याच कुळातला.

देशी शब्दाचे पुढचे मूळ शोधताना संस्कृत ‘तडाग’ सुचविले जाते. ते पटण्यासारखे नाही. तडागपासून तलाव, तळाव ही रूपे सरळ मिळतात. टाके या शब्दातील आरंभीचा मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेला) ट आणि अनुनासिक यांचा उलगडा त्याने होत नाही. त्यापेक्षा ‘टंक’, म्हणजे पाथरवटाची छिन्नी, हे मूळ अधिक सयुक्तिक वाटते. दंतपासून दात व्हावा तसे टंकपासून टांक, टाक हे रूप ध्वनिनियमाला धरून आहे. मराठीत छिन्नीलाही टाकीच म्हणतात आणि टाके मुळात खडकात खोदलेलेच असते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी किंवा सिंहगडावरील देवटाके ही त्याची परिचित उदाहरणे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कान्हेरी, जुन्नर, कुडा येथील लेण्यांत अशी टाकी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून आहेत म्हणून शब्दही तितकाच जुना, असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. परंतु त्या लेण्यांतील ब्राह्मी दानलेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ किंवा ‘पाणियपोढी’ म्हटले आहे. वस्तूचे प्राचीनत्व हा शब्दाच्या प्राचीनत्वाचा पुरावा होत नाही. देशी मुळाची भिस्त शब्दाच्या भौगोलिक पसाऱ्यावर आणि ध्वनिविचारावरच ठेवावी लागते.

एकंदर पाहता दोन स्वतंत्र शब्द भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एकत्र आले आणि इंग्रजीने त्यांचे एक रूप केले, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अर्थांची विभागणीही त्याला पोषक आहे. मोठ्या जलाशयाला टँक म्हणण्याची प्रथा पोर्तुगीज वापराशी जुळते : मद्रास इलाख्यातील सिंचनाचे तलाव सरकारी कागदोपत्री टँकच होते आणि हैदराबादेत हुसेनसागराच्या बांधाला आजही टँक बंड म्हणतात. झाकलेला, बेताचा, घरगुती साठा हा अर्थ गुजराती-मराठी शब्दाचा; इंग्लंडमध्ये रूढ झाला तो मुख्यतः हाच. मुंबईत तलाव ही छटा स्थलनामांत उरली आहे. सी. पी. टँक हे कावसजी पटेल यांच्या तलावाचे नाव. गोवालिया टँक बुजवून झालेल्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ची घोषणा झाली.

लष्करी अर्थाची तारीख मात्र जवळजवळ नेमकी सांगता येते. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने विन्स्टन चर्चिल यांच्या पुढाकाराने ‘भूनौका’ (जमिनीवर चालणारी चिलखती नौका) समिती नेमली. लिंकन येथील विल्यम फॉस्टर कंपनीत विल्यम ट्रिटन व वॉल्टर विल्सन यांनी पहिली यंत्रे बांधली. ‘भूनौका’ या नावाने गुपित फुटले असते. म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी अर्नेस्ट स्विंटन व त्यांच्या सहकाऱ्याने पेटीसारख्या आकाराला शोभणारी, पात्र वा हौद या अर्थांची अनेक नावे तपासली. त्यांतून एकाक्षरी व लक्षात राहणारे टँक निवडले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत फ्लेर-कूर्सलेत येथे ही वाहने प्रथम रणांगणात उतरली आणि नाव कायम झाले. फ्रेंच व जर्मन भाषांनी आपापले शब्द वापरले. मराठीने रणगाडा हा उत्तम प्रतिशब्द घडविला.

तेलवाहू जहाज व पाणी वाहणारी मोटार या अर्थाचा टँकर हा साधित शब्द. बिनबाह्यांच्या ‘टँक टॉप’ला नाव मिळाले ते पोहण्याच्या एकसंध पोशाखावरून, कारण पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. खेळात मुद्दाम हरणे हा क्रियापदाचा अर्थ अमेरिकी टेनिसमधून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला.

मोती तोलण्याचे टांक हे वजनही इंग्रजी कोशांत टँक या रूपात आढळते. नाणे किंवा वजन या अर्थाच्या, टाकसाळ शब्दात दिसणाऱ्या टंकशी त्याचा संबंध असून कोशकार त्याची नोंद स्वतंत्र करतात.