न्यूमोनिया छातीत, भ्रम डोक्यात

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असताना तापाने फणफणलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, की घरचे एकच निदान करतात: ऊन लागलं. "बाबा सकाळपासून कायच्या काय बोलून राहिले," म्हणत कपाळावर ओली पट्टी ठेवली जाते, कैरीचं पन्हं पुढे केलं जातं. उष्माघात जीवघेणा असतो, त्यामुळे ही शंका रास्तच आहे. पण त्याच बाबांना दोन-तीन दिवसांपासून खोकला असेल, धाप लागत असेल, तर छातीकडेही बघायला हवं. आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पन्हं किंवा पाणी ओतू नका. ठसका लागून ते थेट फुप्फुसात उतरतं.

मोठ्या माणसाला न्यूमोनियात भ्रम होणं ही किरकोळ गोष्ट नाही. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर जो पाच मुद्द्यांचा गुणांक वापरतात, त्यातला पहिलाच मुद्दा नव्याने सुरू झालेला गोंधळ हा आहे. माणूस वार विसरतो, आपण कुठे आहोत ते सांगू शकत नाही. बहुतेक वेळा यामागे रक्तातला कमी झालेला ऑक्सिजन, तीव्र ताप किंवा घसरलेलं सोडियम असतं. काही थोड्या रुग्णांत मात्र एमआरआयमध्ये वेगळंच काही दिसतं.

आपल्या मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन भाग. त्यांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. त्यात सुमारे 20 कोटी तंतू असतात. या पट्ट्याच्या मागच्या, फुगीर टोकाला स्प्लेनियम म्हणतात. या रुग्णांच्या एमआरआयमध्ये नेमका तिथे, अगदी मधोमध, एक लंबगोल पांढरा ठिपका चमकतो. असा ठिपका दिसला की पक्षाघाताची धास्ती वाटते. पण योग्य उपचार मिळाले तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पुसला जातो. 2004 मध्ये जपानी डॉक्टरांनी अशा 15 रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. त्याचं इंग्रजी लघुरूप 'मर्स'. उंटांशी संबंध असलेल्या कोरोना विषाणूच्या आजारालाही हेच लघुरूप आहे, पण दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

हे घडतं कसं, याचं सगळं कोडं उलगडलेलं नाही. सर्वमान्य होत चाललेला विचार असा: जंतू बहुधा मेंदूत पोहोचतच नाही. फुप्फुसातल्या लढाईत रोगप्रतिकार यंत्रणा सायटोकाइन नावाची रसायनं मोठ्या प्रमाणात सोडते, ती रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि तिथला ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा तोल बिघडवतात. चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणात पाणी साचतं. वायरीवरचं प्लास्टिक फुगावं पण आतली तार शाबूत राहावी, तसं. तंतू मेलेले नसतात, म्हणून पाणी ओसरलं की काम पूर्ववत होतं. सोडियम कमी असेल तर ही सूज आणखी सोपी होते.

प्रौढांमध्ये हे घडवणाऱ्या जिवाणूंत लेजिओनेला हे नाव ठळक आहे. जुलै 1976 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर अनेकांना अनाकलनीय न्यूमोनिया झाला, कितीतरी जण दगावले. पुढच्या जानेवारीत जिवाणू सापडला आणि त्याला त्या सैनिकांच्या 'लीजन' संघटनेवरून नाव मिळालं. हा पाण्यात वाढतो, साधारण 25 ते 45 अंश तापमान त्याला मानवतं आणि तो बारीक तुषारांतून श्वासात जातो. मोठ्या इमारतींच्या एसीचे कूलिंग टॉवर, वापरात नसलेले शॉवर, कारंजी ही त्याची ठिकाणं. घरच्या कूलरचा धोका त्या मानाने बराच कमी. तरी आपल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याच तापमानाला येतं, त्यामुळे टाकी वेळच्या वेळी घासून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

लेजिओनेलाच्या रुग्णात खोकल्याच्या जोडीला जुलाब होतात, सोडियम घसरतं. कुणी बोबडं बोलू लागतं, कुणाचा चालताना तोल जातो. पेनिसिलीनच्या कुळातली औषधं इथे चालत नाहीत, कारण हा जंतू आपल्या पेशींच्या आत दडून बसतो. त्याला अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. म्हणून नेहमीच्या इंजेक्शनांनी ताप उतरत नसेल आणि माणूस बरळत असेल, तर लघवीची लेजिओनेला अँटिजेन चाचणी होऊ शकते का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या हॉटेलात मुक्काम झाला होता का, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगावं. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूमुळेही असंच होऊ शकतं.

मात्र 'बरं होणारं आहे' म्हणून घरी थांबायचं नाही. ताप आणि भ्रम मेंदूज्वरातही असतो, मेंदूच्या मलेरियातही आणि स्क्रब टायफसमध्येही. विदर्भात हे सगळेच आजार आढळतात. म्हणून पाठीतलं पाणी तपासावं लागतं. मर्समध्ये ते बहुधा निर्दोष किंवा जवळपास निर्दोष निघतं. स्प्लेनियमचा ठिपकाही एकटा पुरावा नव्हे. रक्तातली साखर फार उतरली किंवा फिटची औषधं अचानक बंद केली तरी तो उमटतो.

उपचाराचा गाभा न्यूमोनियाचाच: योग्य अँटिबायोटिक, ऑक्सिजन, आणि सोडियम सावकाश वर आणणं. ते घाईने वाढवलं तर मेंदूला नव्याने इजा होते. काही डॉक्टर स्टेरॉइडही देतात. शुद्धीवर आल्यावर बऱ्याच जणांना मधले दिवस आठवत नाहीत. ते घरच्यांनी शांतपणे सांगावेत. छातीच्या एक्स-रेवरचा डाग मात्र पुसायला एक ते चार महिने लागू शकतात, त्यामुळे बोलणं सुधारलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढायला जावंच लागतं.