अवयववाचक इंग्रजी वाक्प्रचार

शरीराच्या अवयवाचे नाव घेऊन रूढ झालेले, पण अर्थाने त्या अवयवापासून दूर गेलेले इंग्रजीतील शब्दप्रयोग. अवयव साऱ्या माणसांना सारखेच, त्यामुळे असे वाक्प्रचार बहुतेक भाषांत आढळतात आणि काही तर जसेच्या तसे जुळतात. दुसऱ्याच्या भानगडीत पडणारा इंग्रजीतही नाकच खुपसतो. कारस्थानात कोणाचा ‘हँड’ असतो, तसा मराठीत हात असतो. ‘ऑल इअर्स’ होऊन ऐकणे म्हणजे जिवाचा कान करून ऐकणे. मराठी वाचकाला हे शिकवावे लागत नाही.

घोटाळा होतो तो दिसायला सारख्या, पण अर्थाने भिन्न असलेल्या जोड्यांत. ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे गंमत म्हणून थाप मारणे. त्यात आकस नसतो. मराठीत पाय ओढतात ते पुढे जाणाऱ्याला मागे खेचण्यासाठी. ‘सी आय टू आय’ म्हणजे एकमत असणे, तर मराठीत डोळ्याला डोळा भिडवणारा आव्हानच देत असतो. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात, यशयाच्या ग्रंथात (५२:८), हे शब्द प्रत्यक्ष पाहण्यासंदर्भात येतात. सहमतीचा अर्थ त्यांना पुढे चिकटला. सर्वांत गमतीची जोडी हात धुण्याची. रोमन सुभेदार पिलाताने येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर येऊ नये म्हणून जमावासमोर हात धुतले, अशी कथा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. त्यामुळे इंग्रजीत हात धुणारा जबाबदारीतून मोकळा होतो. मराठीत मात्र माणूस हात धुऊन मागे लागतो, नाहीतर संधी साधून हात धुऊन घेतो. पिलाताच्या अर्थासाठी मराठीत हात झटकावे लागतात. ‘त्याने प्रकरणातून हात धुतले’ असे भाषांतर वाचून काहीच बोध होत नाही.

या वाक्प्रचारांचा मोठा साठा बायबलमधून आला. जेमतेम बचावणे या अर्थाचा ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ ईयोबाच्या ग्रंथातला (१९:२०). दातांना कातडी कुठली, हा प्रश्न वाचकाला पडतोच. ‘फीट ऑफ क्ले’ म्हणजे थोर माणसाचा लपलेला दुबळेपणा. मूळ दानीएलाच्या ग्रंथात, नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात दिसलेल्या पुतळ्याचे पाय काही अंशी लोखंडाचे व काही अंशी मातीचे होते. मनातले सारे उघड करणाऱ्याबद्दल ‘हार्ट ऑन हिज स्लीव्ह’ म्हणतात. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात हे शब्द इयागोच्या तोंडी आहेत, आणि आपण तसे कधीच करणार नाही, हेच तो पाताळयंत्री माणूस सांगत असतो.

जुने वैद्यकही भाषेत मुरले आहे. शरीरातील चार रसांवर स्वभाव ठरतो, असे युरोपात दीर्घकाळ मानले जाई. राग ओकणे म्हणजे इंग्रजीत प्लीहा मोकळी करणे, ‘व्हेंट वन्स स्प्लीन’. मराठीत पित्त खवळते. यकृतात रक्त कमी म्हणून ते फिकट, आणि म्हणून माणूस भित्रा, या समजुतीतून आलेला ‘लिली-लिव्हर्ड’ हा शब्द ‘मॅकबेथ’मध्ये आहे. पाठांतराला इंग्रजीत ‘बाय हार्ट’ म्हणतात, कारण स्मृतीचे स्थान हृदयात मानले जाई. मराठीने तीच गोष्ट गळ्यात आणि तोंडात ठेवली: कंठस्थ, मुखोद्गत, तोंडपाठ.

वाक्यरचनेतही फरक आहे. इंग्रजीत बहुधा माणूस कर्ता असतो आणि अवयव त्याच्या मालकीचे कर्म: तो ‘हिज हेड’ हरवतो, ‘हिज टंग’ धरून ठेवतो. मराठीत अनेकदा अवयवच कारभार हाती घेतो: डोके फिरते, जीभ घसरते, हातपाय गळतात. ऐन वेळी कच खाण्याला इंग्रजीत ‘गेट कोल्ड फीट’ म्हणतात. तिथे ‘फीट’ हे अनेकवचन बदलता येत नाही.

व्युत्पत्तीच्या कथा जपून घ्याव्यात. ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे अनुभवावर आधारलेला ठोकताळा. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा देणाऱ्या इंग्रजी कायद्यातून तो आला, ही कथा लोकप्रिय असली तरी तसा कायदा सापडत नाही. असा निकाल दिल्याची वदंता सर फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाविषयी १७८२ मध्ये पसरली आणि व्यंगचित्रकारांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. वाक्प्रचार मात्र सतराव्या शतकापासून वापरात होता. ‘कोल्ड शोल्डर’ म्हणजे तुसडेपणाने टाळणे. नकोशा पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचे गार मांस वाढत, ही कथाही मागाहून जोडलेली दिसते. १८१६ साली कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनात हा प्रयोग येतो तो खांदा दाखवण्याच्या, म्हणजे पाठ फिरवण्याच्या अर्थाने.

‘टर्न अ ब्लाइंड आय’, म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणे, याची कथा मात्र निदान ठोस व्यक्तीशी बांधलेली आहे. १८०१ च्या कोपनहेगनच्या नाविक लढाईत माघारीची खूण होताच ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली, असे सांगतात. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. मराठीतला काणाडोळा करणारा मात्र डोळे शाबूत असूनही तेच साधतो.