३०४ चा घोळ: घरातल्या इंडस्ट्रियल स्वयंपाकघराची पार्श्वभूमी

'इंडस्ट्रियल किचन' या नावाखाली सध्या दोन वेगळी स्वयंपाकघरं एकत्र कोंबली जातात. एकाचा जन्म बंद पडलेल्या कारखान्यात झाला, दुसऱ्याचा हॉटेलच्या भटारखान्यात. पहिल्याची ओळख म्हणजे उघड्या विटा, कच्च्या सिमेंटचा रंग आणि छताखालून गेलेले पाइप. दुसऱ्याची ओळख म्हणजे स्टीलचं टेबल, उघडे रॅक, खोल सिंक आणि पाणी मारून धुता येणारी जमीन. घरमालक फोटो पहिल्याचे दाखवतो आणि अपेक्षा दुसऱ्याच्या सांगतो. म्हणून अर्धा खर्च भिंतीवर होतो आणि ओटा मात्र रोजच्या कामाला अपुरा राहतो. हा शब्द मराठी घरात कसा आला, ते त्यासाठी आधी पाहायला हवं; ३०४ या स्टीलच्या प्रतीचा घोळ त्यानंतर.

कारखान्याचं गणित घरात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये झाला. नगरपालिकेच्या घरांसाठी एका वास्तुशिल्पी स्त्रीने १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. नमुना रेल्वेच्या डायनिंग कारमधला होता, आणि बाई किती पावलं चालते याची मोजणी कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजाव्यात तशी केली होती. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसली. त्यात उघडी वीट नव्हती की छतावरचे पाइप नव्हते. इंडस्ट्रियल होती ती कामाची रचना.

देखावा आला तो न्यूयॉर्कहून. कारखाने हलल्यावर रिकाम्या पडलेल्या ओतीव लोखंडी खांबांच्या इमारतींत १९६० च्या दशकात कलावंत राहू लागले. १९७१ मध्ये त्यांच्या राहण्याला नियमात जागा मिळाली, १९८२ मध्ये वेगळा कायदा झाला. तिथले पाइप उघडे होते, कारण ते झाकायला पैसे नव्हते. हॉटेलची जुनी शेगडी घरात आली, कारण ती मोडीत स्वस्त मिळे. त्या शेगडीला बाजूंनी उष्णतारोधक थर नसतो. हॉटेलात ती भिंतीपासून अंतर सोडून, स्टीलच्या शेजारी उभी असते. घरात लाकडी कपाटाला चिकटवली की लाकूड काळं पडत जातं आणि आगीचा धोका राहतो. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकी उत्पादकांनी हॉटेलसारखी दिसणारी, पण आत रोधक थर असलेली घरगुती शेगडी बाजारात आणली. भटारखान्यातली वस्तू जशीच्या तशी घरात आणता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद होत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ५८ आणि २००१ मधला त्यातला बदल यांनी गिरण्यांच्या जमिनींचं भवितव्य ठरवलं. लोअर परळच्या आवारांत कार्यालयं आणि रेस्टॉरंटं आली; चिमण्या, कैच्या आणि विटा सजावट म्हणून राखल्या गेल्या. हे रूप तिथून फ्लॅटमध्ये शिरलं. सांगण्यासारखं असं की गिरणगावातल्या चाळीत स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा आणि शेजारी मोरी. त्या कोपऱ्याचं काहीच या सजावटीत आलं नाही.

मराठी घराचा कामाचा वारसा मात्र वेगळ्या वाटेने आला आहे, आणि आखणी करताना तोच जास्त उपयोगी पडतो. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला तो कडप्प्याच्या ओट्यावर. उभ्या कडप्प्यांवर आडवा कडप्पा, खाली डबे, पुढे पडदा. पितळेची भांडी कल्हई मागत, स्टीलची मागत नसत; जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलची पातेली देऊ लागली आणि फडताळ चकचकीत झालं. मग ग्रॅनाइट आला आणि १९९० च्या दशकात ओट्याखाली स्टीलच्या सळ्यांच्या ट्रॉल्या सरकू लागल्या. म्हणजे दगडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे स्टील पोचलं होतं. आता ते दगडाच्या जागी बसतं आहे, आणि खरा वाद इथे सुरू होतो: कुठलं स्टील?

दुकानदार म्हणतो 'तीनशे चार'. फॅब्रिकेटर म्हणतो 'तीनशे चारच आहे, चुंबक लावून बघा'. चुंबक लावलं जातं, ते चिकटत नाही, आणि व्यवहार पक्का होतो. ही चाचणी चुकीची आहे आणि तिच्यामुळे असंख्य ओटे वर्षभरात तांबूस ठिपक्यांनी भरतात.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. '१८/८' हा जुना शिक्का त्यावरूनच आला. गंजापासून संरक्षण मुख्यतः क्रोमियममुळे मिळतं. निकेल पोलादाची अंतर्गत रचना बदलतं आणि त्या रचनेमुळे ते चुंबकाला चिकटत नाही. पण तीच रचना मँगनीज घालूनही मिळते. २०२ या प्रतीत निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १० टक्के असतं. बाजारात 'जे-फोर' म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्र्यात निकेल जेमतेम १ टक्का आणि क्रोमियम १५–१६ टक्के. दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. उलट ४३० या पत्र्यात निकेल नसतं, तो चुंबकाला घट्ट चिकटतो, पण त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. म्हणजे चुंबकाने ४३० नाकारून जे-फोर घेणारा माणूस क्रोमियमच्या हिशेबात खालच्या पायरीवर उतरतो. शिवाय अस्सल ३०४ वाकवल्यावर किंवा खोल ओढल्यावर त्या जागी किंचित चिकटू लागतो. सिंकच्या कोपऱ्यात चुंबक ओढलं गेलं म्हणून चांगला माल परत पाठवल्याचे प्रकार घडतात.

हा घोळ नुसत्या लबाडीतून आलेला नाही. भारताला निकेल आयात करावं लागतं, म्हणून कमी निकेलची पोलादं इथे भांड्यांच्या धंद्यात आधीपासून रुजली. मे २००७ मध्ये निकेलचा जागतिक भाव टनाला ५० हजार डॉलरच्या वर गेला आणि २००८ संपता संपता १० हजारांच्या आसपास आला. त्या उसळीत मँगनीजवाल्या पत्र्याला मोठी मागणी आली आणि भाव उतरल्यावरही ती टिकली. २०१२ मध्ये भांडी आणि स्वयंपाकघरातल्या उपकरणांच्या कमी निकेलच्या पत्र्यासाठी १५९९७ क्रमांकाचं वेगळं भारतीय मानकही झालं. तो पत्रा वाईट नाही. डबा, ताट, वाटी यांना तो पुरतो, कारण ती धुऊन कोरडी होतात. ओटा कोरडा होत नाही. मिठाचं पाणी, चिंचेचा कोळ, मासळीचं पाणी रात्रभर सांध्यात बसतं आणि मिठातलं क्लोराइड तिथेच पत्र्याला बारीक छिद्रं पाडतं.

खात्री करायची तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मँगनीज ओळखणारं थेंबाचं किट: पत्रा पुसून थेंब टाकायचा, सोबतच्या बॅटरीच्या तारा टेकवायच्या, काही सेकंदांत थेंब लाल झाला तर पत्रा २०० मालिकेतला, म्हणजे २०२ किंवा जे-फोरसारखा मँगनीजवाला. दुसरी म्हणजे भंगारवाल्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे असलेली एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारं हातातलं यंत्र, जे निकेल आणि क्रोमियमचे टक्के थेट दाखवते. चाचणी पत्रा कापण्याआधी करावी, आणि बिलावर '३०४' सोबत जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, आणि त्याची कोष्टकं एकाहून जास्त आहेत, म्हणून नुसतं 'सोळा गेज' पुरत नाही. प्रचलित हिशेबात १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९.

घरभर ३०४ लावण्याचा आग्रह मात्र अनाठायी आहे. ओट्याचा माथा, सिंक, सिंकमागची पट्टी आणि शेगडीभोवतीचा भाग ३०४ चाच हवा. वरचे रॅक, कोरड्या डब्यांची मांडणी, कपाटाची दारं ४३० किंवा २०२ मध्ये चालतात. समुद्राला लागून असलेल्या घरात, खिडकी उघडीच राहत असेल तर, सिंककडच्या भागासाठी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा ३१६ घेणं रास्त आहे.

माप ठरवताना वजन काढून ठेवावं. ८ फूट लांब, २ फूट रुंद, १.६ मिमीचा सपाट पत्रा सुमारे १९ किलो भरतो. पुढची ४० मिमी कड, तिची आतली घडी आणि मागची १०० मिमी उभी पट्टी धरली तर २४ किलोच्या आसपास. तयार माथा याहून बराच हलका भरला तर पत्रा पातळ आहे. पत्रे बहुधा ८ बाय ४ फुटांचे येतात, त्यामुळे त्याहून लांब ओट्याला जोड येणारच. तो सिंकच्या शेजारी नको, कोरड्या टोकाला घ्यावा. जोड आर्गॉन वेल्डिंगने करावा आणि वेल्डभोवतीचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने, म्हणजे त्यासाठीच्या आम्लाच्या लेपाने, काढून टाकावा. तो डाग राहिला की पहिला गंज तिथेच उमटतो.

हॉटेलचं टेबल पायांवर पोकळ उभं असतं आणि भांडं आपटलं की घुमतं. घरात ते सहन होत नाही. माथ्याखाली १८ मिमीचा पाणीरोधक प्लाय किंवा सिमेंट बोर्ड पूर्ण चिकटवावा. जुना कडप्पा मजबूत असेल तर तो न काढता त्यावरच स्टीलची टोपी बसवता येते, आणि माझ्या मते जुन्या इमारतीत हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं. पुढच्या कडेला ६ ते ८ मिमी उंचवटा दिला की सांडलेलं पाणी अंगावर न येता सिंककडे वळतं. उंची तयार टेबलाच्या ८५० मिमीवर न सोडता पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून सुमारे १०० ते १५० मिमी खाली धरावी. मिक्सर ठेवायचा असल्याने स्टीलच्या सांगाड्याला अर्थिंगची तार जोडणं अत्यावश्यक आहे, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवा.

काम बिघडतं ते बहुतेकदा शेवटच्या आठवड्यात. लोखंडी अँगलच्या रॅकवर चाललेल्या ग्राइंडरची चाकती तशीच स्टीलवर फिरवली जाते, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पंधरा दिवसांत 'स्टील गंजलं' अशी तक्रार येते. स्टीलसाठी चाकती वेगळी ठेवणं हा एकच उपाय आहे. दुसरा घात फरशीवाला करतो: सिमेंटचे डाग काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल ओततो आणि नुसत्या वाफेनेही पत्रा तपकिरी होतो. आम्लाची धुलाई आधी, स्टील नंतर. संरक्षक प्लास्टिकची फिल्म काम संपताच काढावी. शेगडीच्या उष्णतेने ती चिकटून बसली की निघता निघत नाही.

कारखान्याच्या बाजूकडून काही घ्यायचंच असेल तर जमीन घ्यावी. गोदामातली आयपीएस फरशी, म्हणजे ४० ते ५० मिमी जाडीचं घोटलेलं सिमेंट, स्वयंपाकघरात उत्तम चालते, मात्र पट्ट्या टाकून सव्वा ते दीड मीटरचे चौकोन पाडले तरच. सलग ओतली की हमखास भेगा. तेच सिमेंट ओट्याच्या माथ्याला वापरू नये, लिंबू आणि चिंच त्याला खातात. कडप्पाही चुनखडीचा दगड असल्याने त्यावर तेच डाग पडतात. उघडी वीट शेगडीमागे नको. फोडणीचं तेल ती शोषून घेते, आणि कोकणात तिच्यावर लोणा फुटतो.

शेगडीच्या बाबतीत न्यूयॉर्कचा अनुभव इथे दुसऱ्या रूपात समोर येतो. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस देतो, पाइप गॅस २१ मिलिबारने. हॉटेलची भट्टी १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर आणि जास्त दाबाच्या रेग्युलेटरवर चालते. ती घरगुती जोडणीवर लावली तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी येते. रेग्युलेटर बदलून दाब वाढवणं बेकायदा आणि धोक्याचं. जाड बिडाच्या जाळीची घरगुती शेगडी घ्यावी आणि पाइप गॅस असेल तर त्याचे जेट बसवून घ्यावेत. वर हूड बर्नरच्या बाहेर प्रत्येक बाजूला १५० मिमी यावा. उघडा डक्ट शोभेसाठी लांबवर फिरवला की तेल वाटेतच थिजतं. १५० मिमी व्यासाचा कडक पत्र्याचा डक्ट, कमीत कमी वळणं, आणि बाहेर पडणाऱ्या टोकाकडे किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी शेगडीवर टपकत नाही.