कोझी रहस्यकादंबरी

खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. तपास होतो, पण तपास करणाऱ्याकडे ना वर्दी असते ना अधिकार. अशा रहस्यकादंबरीला इंग्रजीत कोझी म्हणतात आणि मराठी वाचकांतही तोच शब्द रुळतो आहे. चहा गार होऊ नये म्हणून किटलीवर घालायच्या टोपीचे नावही कोझीच, आणि या पुस्तकांत तीही बऱ्याचदा भेटते. गाव लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी, संशयित साधारण पाच ते आठ. प्रेत बहुधा पहिल्या चार-पाच प्रकरणांत सापडते आणि मेलेली व्यक्ती सहसा कुणाची फारशी लाडकी नसते. ती लाडकी असली की घरावर सुतक येते आणि कोडे सोडवायची मजा जाते.

या प्रकारातली सर्वांत ओळखीची हौशी शोधक म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९२७ साली ती एका लघुकथेतून आली, १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. एकूण १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथांत ती आहे. सेंट मेरी मीड या खेड्यात राहणारी, विणकाम करणारी ही अविवाहित म्हातारी. बागेत गवत उपटत बसले की रस्ता दिसतो, आणि पक्षी बघायची दुर्बीण पक्ष्यांकडेच रोखलेली असते असे नाही. समोरच्या संशयिताला पाहून तिला गावातले कुणीतरी आठवते आणि दोघांचा स्वभाव जुळतो, तेथून तिचा तपास सुरू होतो.

हौशी शोधकाला जबाब घेता येत नाही की झडती घेता येत नाही. माहिती येते ती चहाच्या टेबलावरून, वाण्याच्या दुकानातून, मोलकरणीच्या तोंडून. म्हणून पोलिसांत एक तरी ऐकणारा माणूस लागतो. मार्पलसाठी ते काम स्कॉटलंड यार्डचे निवृत्त कमिशनर सर हेन्री क्लिदरिंग करतात. हा दुवा लेखकाने घातलाच नाही, तर शवविच्छेदनात काय निघाले हे बाईंना कळले कसे, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि शेवट लटका वाटतो.

खेळाचा मुख्य नियम इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांत आहे: शोधकाला सापडलेला धागा त्याच क्षणी वाचकालाही दिसला पाहिजे. तो दाखवायचा, पण लक्षात येऊ द्यायचा नाही, यात सगळे कसब. ख्रिस्तीच्या १९५०च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते: शुक्रवार, २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा. गावकरी नटूनथटून हजर होतात, दिवे जातात, गोळ्या सुटतात. त्या घरात चिनी मातीच्या दिव्यांची जोडी आहे, एकावर मेंढपाळ, दुसऱ्यावर मेंढपाळीण. त्या रात्री दिवाणखान्यात मेंढपाळीण होती, दुसऱ्या दिवशी मेंढपाळ दिसला, असे एक बाई सांगते. बाई विसराळू म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे वाचक ते वाक्य सोडून पुढे जातो. कथेचा काळही कामाला आला आहे. युद्धानंतर खेड्यांत बाहेरून माणसे येऊन राहिली. शेजारी कोण, याचा पुरावा म्हणजे त्याचे रेशनकार्ड आणि ओळखपत्र.

वाचताना बुकमार्कवरच पात्रांची नावे लिहून ठेवावीत. नावापुढे दोन गोष्टी: घटनेच्या वेळी ती व्यक्ती कुठे होती, आणि हे सांगते कोण. स्वतःच सांगत असेल तर प्रश्नचिन्ह. जेवणाची, पडद्यांची, टपालाची वर्णने गाळू नयेत. धागे तिथेच पेरलेले असतात. सुमारे दोन तृतीयांश पुस्तक झाले की थांबून आपला अंदाज कागदावर लिहावा, नाहीतर शेवटी ‘मला ठाऊकच होते’ म्हणायला सगळेच मोकळे. रोज पाच पाने वाचणाऱ्याचा रस टिकत नाही, कारण महिनाभरानंतर दिवा कोणता होता हे कुणाच्याच ध्यानात राहत नाही. दोन-तीन बैठकीत संपवणे उत्तम. ‘ज्याच्यावर कमीत कमी संशय तोच खुनी’ हा अंदाज कधी बरोबर ठरतो, पण ते कोडे सोडवणे नव्हे. मालिका असेल तर पहिल्या पुस्तकापासून धरावी: खून प्रत्येक पुस्तकात मिटतो, शोधकाचे घरगुती आयुष्य मात्र पुढे चालू राहते.

प्रकाराची दुखरी बाजू म्हणजे खुनांचा आकडा. ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकी दूरदर्शन मालिका १९८४ ते १९९६ चालली आणि तिच्यातल्या कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावात इतके खून पडले की ते गावच चेष्टेचा विषय झाले. म्हणून लेखक शोधकाला मधूनमधून प्रवासाला पाठवतात. अमेरिकी कोझीत बेकरी, मांजर आणि शेवटी पाककृती हे नेहमीचे. पाककृती करून पाहायची तर लोण्याची एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम आणि ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ अंश सेल्सिअस. या प्रकाराला मिळणाऱ्या अगाथा पुरस्कारात विजेत्याला किटली देतात.

मराठी रहस्यकथा वेगळ्या वाटेने गेली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार हाणामारीत रमतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे हौशी खरा, पण सायकलवरून पाठलाग करणारा. कोझी मराठीत येते ती मुख्यतः अनुवादातून, आणि तिथे एक गोची असते. वर सांगितलेल्या कादंबरीत ‘चौकशी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर एका ठिकाणी ‘ई’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आय’ आहे, एवढ्यावर एक धागा उभा आहे. मराठीत दोन्हीकडे चौकशीच. अनुवादकाने इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर तो पानावर एकटाच उठून दिसतो आणि वाचकाच्या हाती आयता लागतो.